केकच्या टेबलावरच्या एस्तेरमावशी

एस्तेरमावशींच्या पर्समध्ये कायम विणकामाची एक सुई असे. विणकाम त्यांना ओ की ठो येत नव्हतं. ती सुई केकच्या पोटात खुपसायला होती. सुई बाहेर काढून त्या उजेडात धरायच्या, चिमूटभर केक तोंडात टाकायच्या, डोळे मिटायच्या आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल असा निकाल द्यायच्या. "कच्चा हाय! वरनं पावडर-लिपस्टिक, आत नुस्तं पीठ!"

श्रीरामपूरच्या आमच्या शाळेत नाताळच्या सुट्टीआधी पालकांनी केलेले केक विकतात आणि त्यातून ग्रंथालयाची पुस्तकं येतात. आदल्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर मेसेज पडतो, 'उद्या घरी केलेला केक आणावा. विकतचा चालणार नाही.' म्हणजे मैदा आमचा, लोणी आमचं, गॅस आमचा, आणि दुसऱ्या दिवशी ते विकत घ्यायचं आम्हीच! पूर्वी जी ती गुपचूप आपलाच केक परत घेऊन जायची, कारण दुसरीच्या स्वयंपाकघराचा भरवसा कुणी द्यावा? मावशींनी तेही बंद पाडलं. "आपला केक आपुन न्यायचा न्हाई. दुसरीचा खा, म्हंजी कळंल आपुन लोकास्नी काय खाऊ घालतो ते." बोला आता!

मावशी आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. जन्मभर दवाखान्यात नर्स होत्या. नात आमच्या शाळेत, म्हणून केकचं टेबल त्यांच्याकडे आलं आणि त्यांचंच होऊन बसलं. मुलगा-सून नोकरीला, नात दिवसभर क्लासला. घरात बोलायला भिंती. डिसेंबर लागला की मात्र मावशींच्या चालीत वेगळाच जोर यायचा. त्यांचा स्वतःचा केक संत्र्याची साल आणि भिजवलेल्या मनुका घातलेला असायचा. तो टेबलावर ठेवायचा अवकाश, संपायचा.

आमच्या घरात अंडं येत नाही. सासूबाईंपुढे कुणाची टाप आहे? मी आपली दही घालून, कुकरची शिट्टी काढून, तळाला मीठ पसरून त्यावर डबा ठेवून केक भाजायची. पहिल्या वर्षी मावशी म्हणाल्या, "सीमे, अंडं नगं घालू, पर अक्कल तरी घाल की!" दुसऱ्या वर्षी, "केक हाय का ओट्याची फरशी?" मी घरी येऊन इतकी चिडले की पुढच्या वर्षी बेकरीतूनच आणते म्हटलं. पण एका आईने तसं केलं होतं. मावशींनी तो चाखलाही नाही. तळाचा कंगोऱ्यांचा कागद दोन बोटांत धरून सगळ्यांसमोर विचारलं, "ह्यो कागद कंच्या कुकरात मिळतो गं?" ती बिचारी पुढे दोन वर्षं फक्त वेफर्स आणायची.

मग करोना आला. मावशींनाही तापाने गाठलं, पण निभावलं. शाळा पुन्हा भरली आणि केकचा दिवसही आला. त्या दिवशी मावशींनी माझ्या केकमध्ये सुई खुपसली, चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "सीमे, लई झ्याक!" माझे तर पायच जमिनीवर राहिनात. नवऱ्याला फोन लावला. बोलता बोलता माझ्याच केकचा एक तुकडा तोंडात टाकला, आणि बाई गं! सोडा इतका जास्त झाला होता की कपड्याचा साबण चाटल्यासारखं वाटलं.

मी सावध होऊन बघू लागले. पुढचा केक, "झ्याक." त्याच्या पुढचा, "झ्याक." वेफर्सवाली पुन्हा केक घेऊन आली होती, तीसुद्धा झ्याक! आया नुसत्या फुलून गेल्या होत्या. मग मावशींचा केक कापला आणि नेहमीसारखी झुंबड उडाली. मी तुकडा तोंडात टाकला. मीठ! निव्वळ मीठ! मोठ्या बाई सावकाश चावत म्हणाल्या, "अप्रतिम, दरवर्षीसारखा." सगळ्या आयांनी माना डोलावल्या आणि एकेक करून पाण्याच्या जारकडे सरकल्या.

मावशी सगळ्यांचे चेहरे न्याहाळत होत्या. त्यांनी मला हाताला धरून जिन्यापाशी नेलं. "खरं सांग सीमे. समद्या पानी का पित्यात?"

जिन्यावर कुणी ऐकत नाही ना, ते मी पाहिलं. मग म्हटलं, "मावशी, खारट झालाय. खूप."

त्या पायरीवर बसल्या. "कुकरातलं मीठ गार करून डब्यात ठिवते. शेजारीच पिठीसाखर. तापापास्नं चवच न्हाई गं तोंडाला. समदं पुठ्ठ्यावानी."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगून? टेबलावरनं उठिवलं असतं. मंग घरी बसून काय करू? टीव्ही बगू?" एकदम त्यांचा आवाज चढला. "पर ह्या बाया गप का? मी मेले व्हय? मेलेल्या मान्साशीच असं ग्वाड बोलत्यात!"

आणि त्या उठल्या, तरातरा टेबलाशी गेल्या, स्वतःच्या केकमध्ये सुई खुपसली आणि ओरडल्या, "एस्तेरचा केक खारट हाय! तोंडात घालू नका!"

जारपाशी उभ्या आया वळल्या. मग वेफर्सवालीच म्हणाली, "मावशी, खारट? अहो, लोणचं घालता आलं असतं त्यात!" झालं, बांध फुटला. कोण म्हणे जीभ भाजली, कोण म्हणे बीपी वाढलं. इतक्या वर्षांचा सूड सगळ्यांनी मनसोक्त उगवला. मावशी खुर्चीत बसून प्रत्येकीला म्हणत होत्या, "आनी? आनी काय?" मी त्यांना इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं.

निघताना त्यांनी विचारलं, "तुझा कसा झाला व्हता?"

"साबणासारखा."

"वाटलंच मला! पुढल्या वर्षी तू चाख आनी कानात सांग. बोलायचं मी बगते."

तसंच चाललं. मी चाखायची, त्या गरजायच्या. गेल्या पावसाळ्यात मावशी गेल्या आणि शाळेने टेबल माझ्याकडे दिलं. नाताळच्या आधी एक नवी आई केक घेऊन आली. मी सुई खुपसली, चिमूट तोंडात टाकली. मधोमध कच्चा होता. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "छान झालाय." आणि घरी येऊन ओट्याशी उभी राहून खूप रडले.