आबांचं इरलं

मी हवाई दलात हेलिकॉप्टर उडवत होतो तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, फोनवर एकच प्रश्न विचारायचे. "उतरलास का?" कसा आहेस, जेवलास का, ही चौकशी आईकडे. मी जमिनीवर आलोय एवढं कळलं की आबांना पुरे. पुढे मणक्याने दगा दिला, उडणं बंद झालं आणि मला ड्रोनच्या स्क्वाड्रनमध्ये कामाला लावलं. काही वर्षांनी त्याच स्क्वाड्रनचा मी कमांडर झालो. आबांच्या ते पचनी पडलं नाही. "इमान तितं आन् तू हितं खुर्चीत?" म्हणून हसले, आणि त्या दिवसापासून फोनवरचा तो प्रश्न बंद झाला. मला ते फार लागलं. वैमानिकाला खुर्चीत बसवलं की त्याचा अर्धा तोरा जातो. उरलेला अर्धा मी हाताखालच्यांवर काढला.

आमच्याकडे मी एक नियम घालून दिला होता. स्क्रीनवर माणूस नसेल तर 'तिथे कुणी नाही' असं म्हणायचं नाही. 'मला कुणी दिसलं नाही' एवढंच म्हणायचं. कारण आपल्या शब्दावर विसंबून खाली चालणारी माणसं वाट निवडतात. नवा अधिकारी यात चुकला की मी सगळ्यांसमोर त्याची खरडपट्टी काढायचो. एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं. मला तेव्हा त्याची लाज वाटली, माझी नाही.

निवृत्त होऊन टाकवे बुद्रुकला घरी आलो, त्याच्या दुसऱ्या पावसाळ्यातली गोष्ट. भातलावणी चालू होती. आमची एक म्हैस सकाळी डोंगराकडे गेली ती आली नाही, आणि तिला शोधायला गेलेले आबाही दुपार टळली तरी आले नाहीत. ऐंशीला टेकलेला माणूस, आणि मोबाइल घरात फळीवर. मी लोणावळ्याच्या गिर्यारोहकांच्या पथकाला फोन केला. त्यांच्याकडे अंगातली उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचा ड्रोन होता. नेमका शनिवार, त्यामुळे भुशी धरणावर भिजायला निघालेल्या मोटारींच्या रांगेत ते दोन तास अडकले. त्या अख्ख्या रांगेला मी मनातल्या मनात शिव्या घातल्या.

पथक पोचलं तेव्हा पाऊस जरा उघडला होता. ड्रोन उडवायला मीच बसलो. डोंगराच्या डाव्या अंगाला ओढ्याची खोल घळ, उजवीकडे पठार. घळीवरून दोनदा फिरवला. दगड गार, पाणी गार. दोन वानरं तेवढी अंगातल्या उष्णतेने पांढरीफेक दिसली. उजेड दीड-दोन तासांचा उरला होता. शेजारचे भाऊ, आबांबरोबर गुरं राखत म्हातारे झालेले, मला विचारत होते, "सायेब, घळीत उतरून बगू का? म्हस तिकडंच पान्याला जाती."

मी स्क्रीनवरची नजरही न काढता म्हणालो, "तिकडे कुणी नाही. सगळे पठारावर चला."

सगळे आले. इतकी वर्षं हेच काम केलेला माणूस सांगतोय, आणि बाप त्याचाच, मग कोण कशाला वाद घालेल? पठारावर म्हैस सापडली. निवांत चरत होती. आबा तिथे नव्हते, आणि तेवढ्यात अंधार पडून शोध थांबला.

दुसऱ्या दिवशी उजाडल्याबरोबर भाऊ मला न विचारता घळीत उतरले. अर्ध्या तासात त्यांची हाक आली. आबा दगडाच्या आडोशाला इरल्याखाली पडलेले होते. मांडीचं हाड मोडलं होतं, पण धुगधुगी होती. गावात आता सगळे रेनकोट घालतात. आबा मात्र कामट्यांचं, पानांचं, वरून प्लास्टिकचा कागद बांधलेलं इरलंच घेऊन निघायचे. पावसाने गार पडलेल्या इरल्याखालची ऊब कॅमेऱ्याला कुठून दिसणार? हे कळायला कमांडर व्हावं लागत नाही. लहान असताना मी त्याच्याखाली आबांच्या पोटाला बिलगून बसलेलो आहे. बाहेर पाऊस कोसळायचा आणि आत कसं उबदार असायचं. एवढं जग बघून आलो आणि नेमकं तेच विसरलो.

तळेगावच्या इस्पितळात आबांचा पाय मांडीतून कापावा लागला. आदल्या संध्याकाळी आणलं असतं तर वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले. मीच विचारलं म्हणून म्हणाले.

घरी आल्यावर आबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागले, "पोरानं वरून बगितलं म्हून वाचलो. तवर लय वरडत व्हतो. मंग डोक्यावर त्येचं भिरभिरं ऐकलं आन् म्हनलं, दिसलो आपुन त्येला. आता कशाला घसा फोडायचा?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून गोठ्यात गेलो. भाऊ रोज येऊन बसायचे, हे सगळं ऐकायचे आणि चहा पिऊन जायचे. माझ्याकडे बघायचे नाहीत. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

दोन महिने मी गप्प राहिलो. खोटं सांगायला नको, आबा पुन्हा माझं कौतुक करतायत याचं मला बरंही वाटत होतं. मग एक दिवस बेगडेवाडीहून आत्या आल्या. आबांनी पुन्हा तेच सुरू केलं आणि आत्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ते मला सहन झालं नाही. आत्या गेल्यावर मी आबांच्या खाटेपाशी बसलो.

"आबा, तुम्ही मला दिसलाच नव्हता. घळीत कुणी नाही म्हणून मीच सगळ्यांना पठारावर नेलं. भाऊ उतरत होते, त्यांनाही नेलं."

गोधडीवर, जिथे पाय असायला हवा होता तिथे, आबांनी हात फिरवला.

"मंग माजंच चुकलं," ते म्हणाले. "मी वरडत ऱ्हायला पायजे व्हतं."