न्हाणीचा कूड

माझ्या वहिनीवर अन्याय झाला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारची जेवणं आटोपल्यावर. देशातल्या पहिल्या मतदानानंतरचा तो दुसरा पोळा. मत वहिनीनंही टाकलं होतं. अन्याय करणारे आम्ही तिघं : बाबा, आमचा सालदार गडी आणि मी. मला शेवटी लिहिलं आहे, पण नंबर माझाच पहिला.

आमचं गाव समुद्रपूरच्या बाजूला. घरामागे परस, परसात विहीर, गोठा, आणि बायकांनी आंघोळ करायचा एक दगड. दगडाला आडोसा नव्हता. लग्न होऊन आल्यापासून वहिनी तांबडं फुटायच्या आत अंगावर पाणी घेऊन मोकळी व्हायची. उजाडल्यावर परस गड्यांचं, बैलांचं. मी तेव्हा ग्रामसफाईची पत्रकं गावोगाव वाटत हिंडत होतो. 'घर तिथे न्हाणी' असं एका पत्रकात ठळक अक्षरात छापलं आणि घरी येऊन पाहिलं तर आमचाच दगड उघडा! शरम वाटली. त्याच उन्हाळ्यात बाभळीच्या मेढी रोवल्या, तुराट्या उभ्या लावून अंबाडीच्या दोरीनं आवळल्या, वरून शेणामातीचं लिंपण केलं. डोक्याएवढा कूड उभा राहिला. सांडपाणी फुकट जाऊ नये म्हणून नाली काढली ती केळीच्या दोन खुंटांपर्यंत.

मी मोठा कारागीर! उतार पाहिला, नाली पाहिली, केळी पाहिल्या. जिनं आत बसायचं तिला काही विचारलं नाही. नाली मागे गेली म्हणून दार पुढे सोडलं, आणि पुढे होती विहीर. गडी रहाटावर उभा राहिला की त्याची नजर सरळ आत. वहिनीनं त्या दारावर जुनं लुगडं टांगलं.

पाऊस लागला तशी नाली तुंबली. राखेचा काळा चिखल, केसांची गुंतवळं, त्यात वळवळणाऱ्या अळ्या. घाण वास चुलीपर्यंत यायचा. केळी बुडाशी सडल्या. ती नाली वहिनी काडीनं आणि मग हातानं उपसायची. मी त्या दिवसांत गावोगाव नाल्यांवर बोलत होतो.

तर पोळ्याचा आदला दिवस. गोठ्याचा पावसाकडचा कूड कुजून खाली बसला होता. वर्षाच्या तुराट्या चुलीत जळून संपलेल्या. बाबांनी परसभर नजर फिरवली.

"तो न्हाणीचा कूड काढ अन् गोठ्याले लाव," ते सालदाराला म्हणाले. "उद्या गाव येईन बैल पाहाले. गोठा उघडा दिसला तं काय म्हणतीन लोकं?"

"अन् बाया, मालक?"

"दोन-चार दिवसाचा सवाल हाय. इतके वर्स काय न्हात नोयत्या का?"

सालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी ओसरीवर पत्रकांच्या घड्या घालत होतो, त्या घालत राहिलो. बैलांच्या खांद्याला लावायची हळद वहिनी वाटत होती. कूड उपटल्याचा आवाज आला तेव्हा तिचा हात थांबला, मग पुन्हा फिरू लागला. हळद वाटून झाल्यावर ती ओसरीवर आली. माझ्यामागे बांबूच्या तट्ट्यांची चवड होती. सभेच्या मांडवासाठी मी बैलगाडीनं आणवलेली.

"भाऊजी, त्यातले चार मले द्या ना."

"सभेचे हायेत ते, वहिनी. सभा झाली का देतो."

"कायची सभा हाय जी?"

"बायाइच्या सुधारणेची."

"मंग तं माह्याच कामाची झाली," ती हसून म्हणाली. "देऊन टाका आजच."

मी दिले नाहीत. सभेचा माल घरात वापरायचा नाही, असं तत्त्व मी तिला समजावून सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली.

पोळ्याच्या दिवशी पुरणाच्या चुलीपुढे ती सकाळपासून. बैल पूजेला दारात यायचे तर पुन्हा अंघोळ हवी, आणि ती भर उजेडात. परसात गडी बैलांच्या शिंगांना रंग देत होते. ती दगडावर बसली, नेसत्या लुगड्यावर दोन बादल्या ओतून घेतल्या, उठली. कोरडं नेसायला आडोसा कुठे? घर पाहुण्यांनी भरलेलं. तशीच निथळत ती आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहिली. बैलांचे पाय धुतले, ओवाळलं, पुरणाचा घास भरवला. ओठ निळे पडले होते.

आणि जमलेली मंडळी म्हणाली, "वा! सून किती सोवळ्याची हाय, पाटील!"

बाबा फुलून गेले. गोठ्याचा कूड पाहूनही कोणी वाहवा केली. मी दोन्ही ऐकलं, आणि सगळं ठाऊक असून बाबांबरोबर मान डोलावली. एवढा किळसवाणा मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सभेत मी तासभर बोललो. वहिनी मागे बसली होती. तिनं भाषण किती ऐकलं ठाऊक नाही; मांडवाच्या तट्ट्यात बोट घालून ती वीण तपासत होती. "घट्ट हाय," शेजारणीला म्हणाली. ते मला बोलता बोलता ऐकू आलं.

सभा उठताच चार तट्टे सोडले, डोक्यावर घेऊन घरी आलो, मेढी पुन्हा रोवल्या. या वेळी विचारलं, "वहिनी, तोंड कोन्या बाजूनं ठेवू?"

"गोठ्याकडं. बैल पाहात नाई."

त्या तट्ट्यांना आता वाळवी लागली आहे. पोळा जवळ आला आहे, आणि बाबांची नजर पुन्हा परसात फिरते आहे. म्हणून या वेळी मी विटा आणल्या आहेत, आणि भिंत वहिनी दाखवील तिथेच उभी राहील.

तुम्ही, जे हे वाचता आहात, हा कागद खाली ठेवा. तुमच्या घरातल्या बाया जिथे न्हातात त्या दगडावर भर दुपारी जाऊन बसा. तिथून कोण कोण दिसतं ते मोजा. मग त्यांना विचारा, दार कुठे हवं. आणि गोठ्याला हात लावायच्या आधी ती भिंत घाला.