उणे चाळीसचा गुलाब

दुबईत राहून बारा महिने तेरा त्रिकाळ थंडीची काळजी करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. ऑगस्टमध्ये गाडीपासून लिफ्टपर्यंतच्या वीस पावलांत आम्हा सगळ्यांचा सदरा पाठीला चिकटायचा, तेव्हा मामा हातावर जाड जाकीट आणि खिशात कानटोपी घेऊन देरा भागातल्या बसथांब्यावर शांतपणे उभे असायचे. येणारेजाणारे त्यांच्याकडे वळून बघत. मामा कुणाकडेच बघत नसत. रास अल खोरच्या घाऊक बाजाराजवळ एका मोठ्या शीतगृहाचे ते सुपरवायझर होते आणि गेली पंचवीस वर्षं दिवसातले आठ तास हिवाळ्यात राहून संध्याकाळी वाळवंटात परत येत होते. त्यामुळे आकड्यातलं तापमान त्यांना कळेनासं झालं होतं. त्यांना ते मालात कळे. तेरा अंश म्हणजे केळी, दोन अंश म्हणजे सफरचंदं, उणे अठरा म्हणजे मटारचे दाणे आणि मासळी. एका जानेवारीत आमच्या ओळखीतलं लग्न शारजाच्या एका हिरवळीवर होतं. बायका शाली शोधत होत्या, पुरुष जेवणाच्या शेगड्यांपाशी गर्दी करून उभे होते. मामा अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात मधोमध उभे राहून म्हणाले, "छान हवा आहे. केळ्यांची."

मामांना एकच मुलगी, अनघा. ती इथेच जन्मली, इथेच वाढली. मामा मराठीत विचारत, ती इंग्रजीत उत्तर देई, आणि दोघांचं उत्तम चाले. पुढे ती शिकायला कॅनडाला गेली, नोकरीला लागली, आणि एका शुक्रवारी दुपारी मामा-मामी जेवायला बसलेले असताना व्हिडिओ कॉलवर तिने सांगितलं, की तिने लग्न केलं आहे. करणार आहे असं नव्हे, केलं आहे. मुलगा तिकडचाच, गहू पिकवणाऱ्या घरातला, नाव डॅनियल. मामी रडल्या, मग सावरल्या, मग डॅनियल काय जेवतो ते विचारू लागल्या. मामांनी भात संपवला, ताटात हात धुतला आणि उठून बाल्कनीत गेले.

त्यानंतर वर्षदीड वर्ष मामा मुलीशी बोलत होते, पण फक्त हवामानावर. दर शुक्रवारी फोन लागे. मामींचं सगळं बोलून झालं की फोन मामांकडे येई.

"किती आहे?"

"मायनस ट्वेंटी एट, बाबा."

"हं."

एवढं बोलून फोन परत मामींकडे. एकदा उत्तर आलं, "मायनस थर्टी नाइन." मामा बराच वेळ हातात फोन धरून बसले. त्या आकड्याला त्यांच्याकडे माल नव्हता.

मग त्या दोघांनी तिकडे घर घेतलं. अनघाने फोन हातात धरून घर दाखवायला सुरुवात केली. स्वयंपाकघर, जिना, तळघर. मामी प्रत्येक खोलीला "अगं बाई" म्हणत होत्या. शेवटी तिने दार उघडून पुढचं अंगण दाखवलं. नुसती माती, कडेला करड्या बर्फाचा एक ढीग, आणि काही नाही. मामींच्या खांद्यावरून डोकावणारे मामा एकदम म्हणाले, "तिथे गुलाब लाव."

दीड वर्षांत मुलीशी बोललेलं ते त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य होतं. अनघा गडबडली असावी. म्हणाली, "बाबा, नथिंग सर्व्हाइव्ज हिअर. रिअली."

झालं. त्या दिवसापासून मामा कामाला लागले.

आमच्या ऑफिसच्या रंगीत प्रिंटरवर मी त्यांना पहिली चाळीस पानं काढून दिली तेव्हा मला वाटलं होतं, हौस आहे, महिन्याभरात फिटेल. पण मामांनी एक जाडजूड वही आणली आणि तिच्यात उणे चाळीस सोसणाऱ्या झुडपी गुलाबांची नोंद सुरू केली. डावीकडे नाव, मग उंची, मग थंडी किती सोसतो, रोग कोणते, आणि शेवटच्या मोठ्या रकान्यात मामांचं मत. 'दिसायला चांगला, पण दर हिवाळ्यात गुडघ्यापर्यंत जळतो.' 'सुवास भरपूर, पानांवर काळे डाग. नको.' 'एकदाच फुलतो व वर्षभर त्यावर जगतो.' 'माहिती देणारा स्वतःच विकणारा आहे, विश्वास ठेवू नये.' मोठ्या डौलदार फुलांचे, लांब देठांचे गुलाब त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाद केले. "ही शहरातली पोरं," ते मला म्हणाले. "एक हिवाळा निघायचा नाही, जावईबापू." त्यांचा जीव जडला होता तो सुरकुतलेल्या पानांच्या, अंगभर काट्यांच्या, साध्या पसरट फुलांच्या एका रानटी जातीवर. मूळची ती समुद्रकाठच्या वाळूत, खाऱ्या वाऱ्यात वाढणारी. तिच्या पोटजातींपैकी कुठली, यावर मामा चौदा महिने विचार करत होते.

एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला गेलो होतो. मामा वही उघडून एका गुलाबाच्या आईबापांविषयी सांगत होते. मामी पोहे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "एवढी चौकशी जावयाची केली असती तर?"

"जावयाची चौकशी करायची संधी कुणी दिली?" मामा म्हणाले.

पोहे चांगले झाले होते. आम्ही तिघांनी ते कुणाकडेही न बघता खाल्ले.

पण कागदावरच्या माहितीवर मामांचा भरवसा नव्हता. उभ्या दुबईत हिवाळा कुठे असेल तर तो त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी रोपवाटिकेतून गुलाबाच्या तीन कुंड्या आणल्या. इथे मिळणारे साधेच कलमी गुलाब. त्यांना हवी ती जात इथे कुठली मिळायला? "थंडी काय करते ते तर कळेल," मामा म्हणाले. उन्हातलं झाड थेट बर्फात घालणं त्यांना निर्दयपणाचं वाटे, म्हणून कुंड्या पहिला आठवडा केळ्यांच्या खोलीत राहिल्या. दुसरा आठवडा पेरूंच्या. मग सफरचंदांशेजारी पंधरा दिवस. पानं गळली, काड्या उरल्या. मामांनी कुंड्यांना लाकडाचा भुसा आणि गोणपाट गुंडाळलं आणि शेवटी त्यांना उणे अठरात, मटारच्या खोक्यांमागे ठेवलं. शीतगृहातला एक पठाण ड्रायव्हर रोज विचारी, "मामाजी, आज कैसी तबीयत है?" तो मामांची विचारत नसे.

आणि नेमके त्याच आठवड्यात तपासणी करणारे साहेब आले. पांढराशुभ्र पायघोळ कंदुरा, वर कंपनीने दिलेलं जाकीट, हातात कागद. मटारच्या मागे गोणपाटात गुंडाळलेले तीन काटेरी सांगाडे बघून ते थांबले.

"हबीबी, ये क्या है?"

"रोझ, सर."

"फॉर एक्सपोर्ट?"

मामा खोटं बोलत नाहीत. ते म्हणाले, "इन्शाल्ला."

साहेबांनी आणखी थोडी चौकशी केली. मामांनी त्यांना उणे चाळीस अंश, अंगण आणि मुलगी हे सगळं हिंदीत सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, आपल्याही दोन मुली शिकायला परदेशी आहेत असं सांगितलं, आणि मग म्हणाले, "खाने के साथ नहीं रख सकते. आज शाम तक बाहर. खलास." निघताना दारात थांबून त्यांनी विचारलं, की वाचतील का? मामा म्हणाले, "देखेंगे, सर."

तिन्हींतले दोन मेले. तिसरा त्याच संध्याकाळपर्यंत सफरचंदं, पेरू, केळी असा घाईघाईचा उलटा प्रवास करून बाल्कनीत आला आणि महिन्याभराने त्याला फूट आली. आम्ही पेढे घेऊन गेलो. मामा मात्र गंभीर होते. फूट कलमाच्या जोडाखालून आली होती. वरचा गुलाब मरून गेला होता आणि खालच्या जंगली खुंटाने डोकं वर काढलं होतं. "बघा," मामा म्हणाले. "वरचा गेला, खालून भलताच उगवला. फसवणूक! कलमी नको. स्वतःच्या मुळावर वाढलेलाच पाहिजे. मग बर्फाने जमिनीपर्यंत जाळला तरी उगवेल तो तोच." ते वाक्य त्यांनी वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

शेवटी तीन झुडपं ठरली. तिकडच्याच एका रोपवाटिकेला माझ्या कॉम्प्युटरवरून ऑर्डर गेली आणि मे महिन्यात रोपं अनघाच्या दारात पोचली. तिने खोके ठेवल्याचा फोटो पाठवला. त्यानंतर मामांचे निरोप सुरू झाले. निरोप म्हणजे आवाज रेकॉर्ड करून पाठवायचे, आणि मामांना थोडक्यात बोलता येत नसे. खड्डा केवढा, हे सांगायला नऊ मिनिटं. जुलै संपला की खत बंद, नाहीतर कोवळी फूट थंडीत सापडेल, हे अकरा मिनिटं. शेवटची फुलं तोडायची नाहीत, त्यांची फळं धरू द्यायची, म्हणजे झाडाला झोपायची वेळ झाल्याचं कळतं, याला साडेतेरा मिनिटं, त्यातली तीन मागच्या इमारतीतल्या ड्रिलिंगची. बुंध्याशी वीतभर माती आणि सुकी पानं. त्यावर अंगणातला बर्फ ओढायचा, कारण बर्फ म्हणजे गोधडी. मात्र रस्त्याकडेचा मीठ टाकलेला बर्फ चुकूनही नाही. प्रत्येक निरोपाला अनघाचं एकच उत्तर येई: अंगठा.

"ऐकत असेल ना?" मामा विचारत.

"ती कशाला ऐकेल," मामी म्हणत. "मी एवढी जवळ बसते, मीसुद्धा ऐकत नाही."

मामा हसत नसत. रात्रीच्या जेवणाआधी ते परत एकदा फोन उघडून तो अंगठा बघून घेत.

पुढल्या वर्षी मामांना व्हिसा मिळाला आणि त्यांनी फेब्रुवारीत जायचं ठरवलं. सगळ्यांनी समजावलं. मी म्हणालो, "मामा, जूनमध्ये जा. फुलं असतील."

"फुलं कुणालाही बघता येतात, जावईबापू. थंडीत कसं चाललंय ते बघायला हवं."

"मी जूनमध्येच जाईन," मामी म्हणाल्या. "मला फुलं आवडतात."

असे ते एकटेच गेले, आणि तीन आठवड्यांनी मी त्यांना विमानतळावर घ्यायला गेलो. थोडे वाळले होते. गाडीत बसल्यावर मी विचारलं, गुलाब कसे आहेत? मामा म्हणाले, दिसले नाहीत. कमरेएवढ्या बर्फाखाली होते.

मग देऱ्याच्या वाटेवर त्यांनी हळूहळू सांगितलं. पहिल्या सकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले, तर फ्रीजच्या दारावर कागद चिकटवलेले. पाच कागद, इंग्रजीत, आकडे घालून. खड्डा. खत बंद. फळं ठेवायची. वीतभर माती. बर्फ. अक्षर अनघाचं नव्हतं. त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "बाबा, तुमचे व्हॉइस नोट्स मी डिनरच्या वेळी लावते. पॉज करून करून ट्रान्सलेट करते. डॅन लिहून घेतो." आणि मग म्हणाली, की ड्रिलिंग का ऐकू येत होतं, तेही त्याने विचारलं होतं.

"तेवढ्यात तो खाली आला," मामा म्हणाले. "म्हणाला, कम. उणे एकतीस होतं. बाहेर गेलो. बर्फात तीन बांबू रोवलेले, वर लाल चिंध्या. फावडं लागू नये म्हणून खूण केलेली. त्याने हाताने एका बाजूचा बर्फ उकरला. पार खाली. एक काडी दिसली. मी हातमोजा काढला आणि नखाने जरा साल खरवडली."

"मग?"

"हिरवी होती."

मी पुढच्या सिग्नलला विचारलं, "आणि जावई कसा वाटला?"

मामांनी मांडीवरची कानटोपी घडी घालून खिशात ठेवली. मग म्हणाले, "मीठ टाकलेला बर्फ वेगळा काढतो. साधा तेवढाच झाडांवर ओढतो." आणि पुढे म्हणाले, "कुणी बघत नसलं तरी. मी खिडकीतून बघत होतो."

जूनमध्ये मामी गेल्या. त्यांनी पाठवलेल्या पहिल्या फोटोत गुलाबी रंगाचं काहीतरी आणि मामींचं बोट होतं. दुसऱ्यात फुलांनी भरलेलं झुडूप, शेजारी अनघा आणि तिच्यामागे एक उंच, उन्हाने लाल झालेला माणूस. मामांनी तो फोटो मला दाखवला तेव्हा दोन बोटांनी मोठा करून आधी पानं तपासली. डाग नव्हते. मग फोटो बाजूला सरकवून त्या माणसाचा चेहरा मोठा केला, आणि तो बराच वेळ तसाच ठेवला.

आता मामा निवृत्त होऊन चिपळूणजवळच्या गावी असतात. शीतगृहात नवा सुपरवायझर आला आहे. तो थंडीबद्दल फारसं बोलत नाही. गावच्या घरी मामींनी जास्वंद, तगर, अबोली असं काय काय लावलं आहे, मामा त्याकडे ढुंकून बघत नाहीत. इथे लावण्यात कसलं आलंय कौतुक, असं त्यांचं म्हणणं. परवा संध्याकाळी मी फोन केला, तेव्हा ते ओटीवर बसले होते. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मी विचारलं, "यंदा जूनमध्ये जाणार का? एकदा फुललेले बघून या."

"बघू," मामा म्हणाले. "गुडघे आता लांबच्या विमानाला तयार होत नाहीत." त्यांच्या मागे कुठेतरी मामी दिवा लावत होत्या, घंटेचा आवाज आला. मला वाटलं फोन ठेवला त्यांनी. तेवढ्यात मामा स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, "तिकडे आता उजाडलं असेल."