मोडलेला ताण

माझ्या हातून झालेल्या चुका मोजायला बसले तर नातवंडांची शाळा सुटून पुन्हा भरेल. त्यातली एक मात्र मी देवाचं नाव पुढे करून केली होती, आणि तीच आज लिहून ठेवते आहे. त्या वेळी मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते. हल्ली नागपुरात बेसा भागातल्या फ्लॅटमध्ये बसून त्या बाईकडे मागे वळून पाहिलं की मला हसू येतं. ताठ मान, इस्त्रीची साडी, पर्समध्ये जपमाळ, आणि देव आपल्याशी स्वतंत्र पत्रव्यवहार करतो अशी पक्की खात्री. कामठीच्या शाळेत मराठी शिकवायची आणि घरीदारी सगळ्यांचं शुद्धलेखन तपासायची. आज ती मला भेटली तर मी तिला चहा देईन, पण फार वेळ बसू देणार नाही.

आमची काटोल रस्त्याला संत्र्याची बाग आहे. इंग्रजांच्या काळात ती एका आयरिश साहेबाची होती. साहेब कॅथोलिक, आमचे पणजोबा त्याचे माळी. त्याच्याच संगतीनं ते चर्चमध्ये जाऊ लागले आणि पुढे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. साहेबाला मूलबाळ नव्हतं. मायदेशी परतताना त्यानं जमीन पणजोबांच्या नावावर करून दिली. तेव्हापासून आमच्या घराण्यात दोन गोष्टी चालत आल्या. एक संत्री, आणि दुसरी ही रीत, की बाप गेल्यावर चाळिसाव्या दिवशीची चर्चमधली मिस्सा झाली की जेवणाच्या पंगतीतच बहिणींनी हक्कसोडीच्या कागदावर सही करायची. कायदा ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा देतो. पण भावानं साडी द्यायची, बहिणीनं सही द्यायची आणि वरून गोड खायचं, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. माझ्या दोन्ही आत्यांनी सह्या केल्या होत्या. धाकटीनं तर शेवया संपवून मग केली, असं सांगतात.

बाबा गेले तेव्हा माझ्या ताटाशेजारीही कागद आला. धाकटा भाऊ अंतोन समोर बसला होता. त्याला बाग विकायची होती. लेआउट पाडणारा एक दलाल दोन महिन्यांपासून त्याच्या मागे होता.

"ताई, सही कर न वं," तो म्हणाला. "दोन्ही आत्यानं केली, तुले काय झालं?"

"मला साडीही नको आणि वाटाही नको. बाग विकायची नाही."

"म्हंजे? कोन पाहीन बाग? तू? संत्र्याचं झाड आन् लिंबाचं झाड शेजारी ठेवलं तं तुले वळखू येत नाही!"

पंगत हसली. मला हसू आलं नाही. बाबांनी आयुष्यभर ज्या झाडांना नावानं हाक मारली ती तोडून तिथं प्लॉटचे दगड रोवले जाणार, हे मला सहनच होत नव्हतं. मी कागद वाटीखाली सरकवला आणि म्हणाले, "एक वर्ष दे. एक बहार काढून दाखवते."

अंतोननं माझ्याकडे नीट पाहिलं. "काढ. आंबिया बहार काढून दाखव. फुटला तं मी इकत नाही. नाही फुटला तं मुकाट्यानं सही. पंगतीतले समदे साक्षी."

संत्र्याचं एक गुपित आहे, ते बागेबाहेरच्यांना सहसा ठाऊक नसतं. हे झाड लाडानं फुलत नाही. डिसेंबरात त्याचं पाणी पूर्ण तोडतात. महिना-दीड महिना ते तहानेनं कासावीस होतं, पानं मलूल होतात, काही गळतात. याला ताण देणं म्हणतात. मग योग्य वेळी पाणी सोडलं की झाड जीव वाचल्यासारखं अंगभर फुलतं; हाच आंबिया बहार. अंतोननं हे मला दोनदा सांगितलं, मी वहीत लिहूनही घेतलं. अक्षर सुंदर होतं.

नाताळच्या सुटीत मी बागेतल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला गेले. पाणी तोडून पंधरा दिवस झाले होते. सोबतीला मी नाताळचा नोव्हेना धरला होता, नऊ दिवसांची प्रार्थना. रोज मारियामातेला एकच मागणं, बाग वाचव. आणि रोज उठून पाहावं तर झाडं जास्तच कोमेजलेली. दुपारी पानांच्या नळ्या होत. मला वाटे, ही माझ्याकडेच बघताहेत. बाबांची झाडं माझ्या हाताखाली तहानेनं मरताहेत, या कल्पनेनं मी दिवसातून दहादा झाडांत चक्कर मारत होते. नवव्या दिवशी सकाळी मी मिस्साला गेले, तर त्या दिवशीच्या वाचनात नेमका तहानलेल्या भूमीचा आणि पाण्याचा उल्लेख आला. झालं! बाईसाहेबांना खूण मिळाली. चर्चमध्ये पन्नास-साठ माणसं बसली होती. पण ते वाचन फक्त माझ्यासाठी, माझ्या पंपासाठी आलं आहे, याबद्दल मला तिळमात्र शंका उरली नाही. बागेचा गडी लग्नाला गावी गेला होता, म्हणून अडवायलाही कुणी नव्हतं. मी बागेत आले, छातीवर क्रुसाची खूण केली आणि पंप चालू केला. पार संध्याकाळपर्यंत पाणी दिलं, एकही झाड सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी नाताळ. पानं टवटवीत झाली होती आणि मी त्यांना "नाताळच्या शुभेच्छा" दिल्या. खोटं कशाला बोलू, मोठ्यानं दिल्या.

तीन दिवसांनी, ऊन चढल्यावर, एक म्हातारी फाटकाशी आली. डोक्यावर गाठोडं, पायांत झिजलेली चप्पल. लेकीच्या गावाला निघाली होती, एसटीतून एक थांबा आधीच उतरली. "जय भीम बाई, पानी देजो जराशीक," म्हणाली. मी तांब्या आणला. पिता पिता तिची नजर झाडांवर गेली, आणि ती अर्ध्यावरच थांबली.

"काहून वं, ताण मोडला का कोनं?"

"मी पाणी दिलं," मी म्हणाले. आवाजात अजून थोडा तोरा होता.

"कोनं सांगतलं तुले?"

आता काय सांगू? मी वर पाहिलं. "देवानं."

म्हातारीनं तांब्या खाली ठेवला. "देवाले बागेतलं समदं समजते वं. तुले देवाचं समजलं नाही." मग तिनं एक फांदी वाकवून कोवळा फुटवा मला दाखवला. "हे पाय. नुसती पानं काढून राहिलं झाड. पोटभर पाजलं तं ते काहून फुलन? त्याले वाटलं, आपलं बरं चाललं हाये."

मी तिथेच झाडाच्या आळ्याच्या कडेवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, भाऊ, सही, दलाल, नोव्हेना. ती बटव्यातून तंबाखू काढून मळत ऐकत राहिली. आयुष्यभर तिनं दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बागांमध्ये मजुरी केली होती. स्वतःच्या मालकीचं एक झाड नव्हतं. तिनं मला हाताला धरून उठवलं, गाठोड्यातल्या विळ्यानं एका झाडाबुडची माती उकरली आणि बारीक मुळ्या उघड्या करून दाखवल्या. प्रत्येक झाडाला असंच कर, म्हणाली. मुळ्या आठ दिवस वाळू दे, मग पाणी न देता चाळीस दिवस मोज. दुपारी पान वाकलं तर घाबरू नको. सकाळीही वाकलेलंच दिसलं की समज, आता ताण पुरा झाला. तेव्हा आधी हलकं पाणी, मग भरपूर.

"आणि नाही फुललं तर?"

"तं नाही फुललं. आपन ताण द्याव, फूल काई आपल्या हातचं हाये?"

मी तिला जेवून जा म्हटलं. लेक वाट पाहत असेल, म्हणाली. नाव विचारायचं मला सुचलंच नाही. शुद्धलेखन तपासणारीला एक साधा प्रश्न सुचला नाही. पुढे दोन-तीन गावांत मी चौकशी केली, पण तिला ओळखणारं कुणी भेटलं नाही. ती कोण होती याबद्दल माझा काही दावा नाही. मारियामाता तंबाखू मळत नसावी. पण त्या दिवशी ती एक थांबा आधी उतरली, एवढं मला पुरेसं आहे.

नववर्षाच्या मिस्साला अंतोन नागपूरला आला होता. चर्चच्या आवारात मी त्याला गाठलं. लपवता आलं असतं, पण ज्या तोंडानं देवाचं नाव घेऊन पंप चालू केला त्याच तोंडानं खरं सांगणं भाग होतं. मी म्हणाले, ताण मोडला, माझ्या मूर्खपणानं मोडला. पुन्हा दिला आहे. नाही फुललं तर सही करीन, कुरकुर करणार नाही.

मला वाटलं तो हसेल. तो बाकावर बसला आणि गुडघे चोळू लागला. "बाबा होते तवा मीबी एकदा पाणी सोडलं होतं," म्हणाला. "धा वर्साचा असन. झाडं तहानली म्हून. बाबा मारतीन वाटलं, पन ते लय हसले." मग घरी निघालेल्या माणसांकडे बघत म्हणाला, "ताई, मले काई हौस नाही इकाची. पोरं पुण्यात राह्यले. येत नाही म्हनतात. मी एकटाच जात होतो रोज पायटी बागेत, हे गुडघे घेऊन. बाबा गेल्यापासून तेथं बोलाले कोनी नाही."

हे मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं. बागेसाठी नऊ दिवस प्रार्थना केली, सख्ख्या भावासाठी एक दिवसही नाही. त्या दुपारी मी देवाला सांगितलं, मला जिंकवू नकोस. बाग ठेवायची तर ठेव, न्यायची तर ने; फक्त हा एकटा पडू देऊ नकोस.

त्यानंतरचे ते चाळीस दिवस मी शनिवार-रविवार बागेत काढले, इतर दिवशी गडी बघायचा. हट्ट मी सोडला नव्हता, हे इथं कबूल करायला हवं. सगळ्या झाडांची माती गड्याबरोबर मी स्वतः उकरली, हातांना फोड आले, कंबर धरली. पण पंपाकडे गेले नाही. झाडं सुकली, पानं गळली, मला रडू आलं, तरी गेले नाही. माझ्या आयुष्यातली सगळ्यात अवघड प्रार्थना तीच. तिच्यात शब्द नव्हते, आणि काही करायचंही नव्हतं. फेब्रुवारीत एका शनिवारी सकाळी पानं वाकलेलीच दिसली. मी अंतोनला फोन केला. तो आला, एका फांदीला हात लावून पाहिला आणि म्हणाला, "सोड." पंपाचं बटण आम्ही दोघांनी दाबलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या एका रविवारी बाग फुटली. भरघोस नव्हती, उत्तरेकडच्या दोन ओळी रुसल्याच होत्या. अटीवर बोट ठेवून अंतोनला म्हणता आलं असतं, हा काय बहार झाला? तो झाडांमधून लंगडत फिरत राहिला. पांढऱ्या फुलांचा दाट वास सुटला होता. तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. दलाल होता.

"हो, हो. आयकलं," अंतोन म्हणाला. "पन बाग मायी एकल्याची नाही न गा. अर्धी बहिनीची हाये. तिले इचारा." आणि त्यानं फोन माझ्या हातात दिला.

मी नाही म्हणाले. एकदाच, अगदी शुद्ध मराठीत.

आज सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं आहेत. त्याच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, माझ्या डोळ्यांची झाली. डिसेंबर आला की आम्ही दोघं म्हातारे खुर्च्या टाकून तहानलेल्या झाडांसमोर बसतो आणि बाबांबद्दल बोलतो. देवा, मी मागितलेली खूण तू मला दिली नाहीस, हे फार बरं केलंस. त्याऐवजी मला रागावणारं माणूस पाठवलंस, आणि हरायची तयारी झाल्यावर भाऊ परत दिलास. कोणत्याही वर्षी बहार कमी आला तरी आता मी तुझ्याकडे तक्रार घेऊन येत नाही. दिलंस तेवढ्याचे आभार. उरलेलं तुझ्या हाती आहे, तिथंच राहू दे.