शिवकांताची संध्याकाळची भाकरी

भाकरी थापताना ती जीभ दातांखाली धरायची.

हसू आलं की तोंडावर नाही, डोळ्यांवर पदर घ्यायची.

उंबऱ्यावर कधी बसायची नाही. उंबरा खचंल, असं सासू एकदा म्हणाली होती.

दारातून आत येताना अंग चोरून, आडवी होऊन यायची. दार चांगलं रुंद होतं.

कुणी जेवायला बसलं की भिंतीकडे बघायची.

दुखलं-खुपलं तर ‘मला’ म्हणायची नाही, ‘ह्या अंगाला’ म्हणायची. जणू ते अंग कुणी तिच्याकडे सांभाळायला दिलं होतं.

ही शिवकांता. आम्ही सास्तूरला एका गल्लीत वाढलो. पुढं माझे वडील लोहाऱ्याला महसूल खात्यात गिरदावर झाले आणि शिवकांताही लोहाऱ्यातच माणिकप्पा आडत्याच्या घरात सून म्हणून आली. आमच्या दोन्ही घरांत एकच भिंत, तिला परसाकडं एक खिंडार. मी हैदराबादेला शिकायला गेले, ती चुलीपुढं बसली. सन शेहेचाळीसच्या चैत्रात मी बी. ए.ची परीक्षा देऊन परत आले. मराठी वाङ्मय घेतलं होतं. त्या वाङ्मयाचा काय उपयोग झाला तेही इथं सांगायचं आहे.

शिवकांता लहानपणापासून अंगानं भरलेली. दोन घागरी डोक्यावर आणि एक काखेत घेऊन ती विहिरीच्या पायऱ्या चढायची, तेव्हा तिच्या अंगाचं सास्तूरला कौतुकच होतं. लोहाऱ्याला त्याची थट्टा झाली. माणिकप्पाचं घर काटक्यांचं. सासरा वाळका, नवरा चन्नबसप्पा वाळका, सासू रुद्रम्मा तर शेवग्याची शेंग. दोन वर्षांपूर्वी शिवकांताचं मूल पोटातच गेलं आणि त्यानंतर ती फुगत गेली. रुद्रम्मानं तिला नाव ठेवलं, पाऊण पल्ला. एकशे वीस शेरांचा पल्ला होतो. आडतीतल्या हमालांनीही ते नाव उचललं. चन्नबसप्पानं तिला जत्रेला बरोबर न्यायचं बंद केलं.

अमावास्येला आडत बंद असते. चैत्राच्या अमावास्येला रुद्रम्मानं हमालांना घरी पाठवलं आणि सुनेला दुकानात नेलं. जोंधळ्याची पोती तोलायच्या काट्यावर, एका पारड्यात शिवकांता गुडघे पोटाशी घेऊन बसली. दुसऱ्या पारड्यात चन्नबसप्पानं वजनं टाकली. सासरा पाठ करून उभा होता. शहाऐंशी शेर भरली. हे मला तिनं भिंतीच्या खिंडारातून सांगितलं, तेही हसत. डोळ्यांवर पदर होता.

आता माझी चूक सांगते.

त्या घरात संध्याकाळचं जेवण नऊ-दहाला व्हायचं. माणिकप्पा आणि चन्नबसप्पा दुकान बंद करून यायचे, अंघोळ करायचे, भस्म लावून गळ्यातल्या लिंगाची पूजा करायचे, मग जेवायचे. त्यांच्या मागून रुद्रम्मा. सगळ्यांच्या मागून सून. शिवकांताच्या पुढ्यात ताट येईपर्यंत गावातली कुत्रीसुद्धा निजलेली असत. दुपारी तिच्या पोटात दीड भाकरी पडलेली असायची. मला ते बघवत नव्हतं.

आमच्याकडे पुण्याहून आरोग्याचं एक मासिक यायचं. त्यात एक लेख होता. सूर्यास्तानंतर खाल्लेलं अन्न चरबी होऊन अंगावर बसतं, म्हणून वजन उतरवायचं असेल त्यानं संध्याकाळचं जेवण दिवे लागायच्या आत उरकावं, असं त्यात छापलं होतं. खरंखोटं मला माहीत नव्हतं. मला त्यातलं एकच वाक्य कामाचं वाटलं. शिवकांताला लवकर जेवायला मिळेल. मी मासिक घेऊन गेले. रुद्रम्मा सुपात डाळ पाखडत होती. मी लेख वाचून दाखवला, चांगला आवाज लावून. तिनं दोनदा वाचायला लावला.

दुसऱ्या दिवसापासून शिवकांताचं संध्याकाळचं जेवण बंद झालं.

मी धावत गेले. रुद्रम्माला मी म्हणाले, जेवू नका असं नाही लिहिलं, लवकर जेवा असं लिहिलंय. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. गडीमाणसांची पूजा व्हायच्या आधी सून जेवणार कशी, असं तिनं विचारलं. आणि पूजा झाल्यावर तर सूर्य बुडालेला. मग तिनं जेवावं कधी? तिच्या हिशोबात काही चूक नव्हती. लेख खरा आणि रीतही खरी. मधे बाई मेली तरी दोन्ही खरीच राहणार.

शिवकांता रोज सगळ्यांच्या भाकरी थापत होती. नऊ भाकरी. धग अंगावर घ्यायची, तव्यावरून भाकरी उतरवायची, वाढायची आणि भिंतीकडे बघत बसायची. घरातल्या एकालाही तो घास कडू लागला नाही. चन्नबसप्पाला मी एकदा ओट्यावर गाठून बोलले. तो म्हणाला, आई बघती ते. मग त्यानं धोतराचा सोगा झटकला. अंगावर काही पडलं होतं, असं नाही.

वैशाखाच्या अमावास्येला ती ब्याऐंशी शेर भरली. रुद्रम्मानं मला बोलावून गुळाचा खडा दिला. तुझ्या कागदाला गुण आला, म्हणाली. मी तो खडा घेतला. त्याचं मला आजही काय करावं ते कळत नाही.

ज्येष्ठात एक्याऐंशी. तोवर शिवकांताचे गाल बसले होते, पण सुजलेले पाय बसले नव्हते. सकाळी डोळे सुजलेले असायचे. घागर चढवताना ती मधे टेकायची. मी भिंतीतून भाकरी देऊ केली, तिनं घेतली नाही. तिला भीती वाटत होती. चोरून खाल्लं तर काटा सांगेल, असं तिला वाटायचं.

आषाढाच्या अमावास्येला काटा वर गेला. चौऱ्याऐंशी.

रुद्रम्मानं भाकरीचं टोपलं स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं. सून चोरून खाती, असं तिनं गल्लीत सांगितलं. शिवकांतानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून शपथ घेतली. सासू म्हणाली, काटा खोटं बोलत न्हाय. तीन पिढ्या त्या काट्यावर जगलेलं घर. माणसापेक्षा त्यांचा त्याच्यावर विश्वास.

दुसऱ्या दिवशी वडील कामाला उमरग्याला निघाले होते. मी मोटारीनं त्यांच्याबरोबर गेले. तिथं फौजेतून निवृत्त झालेले एक म्हातारे डॉक्टर होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, नडगीवर बोट दाबलं तर खड्डा राहतो का? मला माहीत नव्हतं. खड्डा राहिला तर ती चरबी नाही, पाणी आहे, ते म्हणाले. मूत्रपिंड बिघडलं असेल, रक्त आटलं असेल, बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. आणि त्या काट्यावर पाणीसुद्धा शेरानंच भरतं. मग मी मासिकातलं वाक्य सांगितलं. ते चिडले.

“शरीर काय कचेरी आहे का, पाचला बंद व्हायला? दिवसभरात किती खाल्लं आणि किती राबली, यावर माणूस जाडतो नाहीतर वाळतो. उशिरा जेवलं तर पोट जड होतं, झोप मोडते. लवकर जेवावं हे बरं. पण उपाशी ठेवा असं कुणी सांगितलं?”

मी सांगितलं होतं.

परत आल्यावर मी शिवकांताच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला. तो तसाच राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत राहिलो. तो भरून यायला इतका वेळ लागला की मधे तिनं एकदा चुलीत लाकूड सारलं.

मी रुद्रम्मापुढं गेले आणि डॉक्टर काय म्हणाले ते सगळं सांगितलं. आवाज चढला होता माझा. तिला दुखणं आहे, ती उपाशी आहे, तिला आजपासून दिवस असतानाच जेवायला द्या, असं मी म्हणाले. रुद्रम्मा शांत होती. तीन महिन्यांपूर्वी तुझाच कागद खरा होता, आता तुझाच डॉक्टर खरा, असं म्हणाली. मग तिचा आवाज बदलला.

“मी बत्तीस वरसं मागनं जेवले. उरलं तर जेवले, न्हाय तर पाणी पिऊन निजले. मेले का? मला कुणी डाक्टर न्हाय आणला.”

त्या क्षणी मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. बत्तीस वर्षांची भूक तिनं सांभाळून ठेवली होती आणि आता ती सुनेच्या ताटात वाढत होती.

पंचमीच्या आदल्या दिवशी सास्तूरहून शिवकांताचा मोठा भाऊ ईरण्णा बैलगाडी घेऊन आला. बहिणीला सणाला न्यायला. रुद्रम्मानं त्याला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, पुढच्या अमावास्येला काटा उतरला की धाडू. ईरण्णा भिडस्त माणूस. त्यानं दोनदा विनवलं. अव्वा, आई वाट बघत असंल, म्हणाला. रुद्रम्मा म्हणाली, आईला सांगा, पोरगी लई खाती. ईरण्णानं मान खाली घातली. बैलांना वैरण टाकायला उठून गेला. मला त्याचाही राग आला.

मी स्वयंपाकघरात शिवकांताजवळ होते. दिवस मावळायला आला होता. तिनं काठवटीत पीठ मळलं. पहिली भाकरी थापली, भाजली. मग ती उठली. वाटलं, पाणी आणायला. तिनं हातपाय धुतले. कपाळाला, दंडाला भस्म लावलं. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं आणि चुलीसमोरच पूजेला बसली. बेलाचं पान वाहिलं. ताटात ती एक भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवून लिंगाला दाखवली.

रुद्रम्मा दारात आली. हे काय चाललंय, विचारलं तिनं.

“लिंग माझ्या बी गळ्यात हाय, आत्याबाई,” शिवकांता म्हणाली. “त्येच्या नैवेद्याची येळ झाली.”

“अजून गड्यांची पूजा व्हायची हाय.”

“त्येंचं लिंग त्येंच्यापाशी. माझं काय धाकटं हाय का?”

रुद्रम्मा ताटाकडे झेपावली. हात ताटापर्यंत गेला आणि थांबला. लिंगाला दाखवलेलं अन्न प्रसाद होतं. प्रसाद ओढून घेता येत नाही, टाकता येत नाही, ज्यानं दाखवला त्यानं तो संपवायचा असतो. हे रुद्रम्मालाच सगळ्यांत पक्कं ठाऊक होतं. तिचा हात तसाच अधांतरी राहिला. मग तिनं तो पदराला पुसला.

माझ्याही गळ्यात लिंग आहे. तीन महिने मी मासिकं वाचली, डॉक्टर गाठले, भांडले. हे मला सुचलं नव्हतं. जिला लिहिता-वाचता येत नव्हतं, तिला सुचलं.

शिवकांता सावकाश जेवली. भिंतीकडे बघितलं नाही. एकेक घास चावून, पूर्ण भाकरी. शेवटी ताट पाण्यानं विसळलं आणि ते पाणीही प्यायली. खिडकीतून अजून उजेड येत होता.

लिंग डबीत ठेवून ती भिंतीला धरून उठली. उठायला तिला वेळ लागला. बाहेर जाऊन म्हणाली, “अण्णा, गाडी जुंपा.” ईरण्णानं रुद्रम्माकडे पाहिलं, मग बहिणीच्या पायांकडे. पाय पाहिल्यावर त्यानं पुन्हा कुणाला विचारलं नाही. गाडी आडतीसमोरून गेली. चन्नबसप्पा गादीवर बसला होता, तो उठला नाही.

हे लिहिते आहे तेव्हा कार्तिक लागला आहे. ती सास्तूरलाच आहे. उमरग्याच्या डॉक्टरांचं औषध चालू आहे. मूत्रपिंडाचंच आहे, मीठ तोडलंय. ती संध्याकाळी आईच्या बरोबरीनं जेवते. बरी होईल का, याला डॉक्टर उत्तर देत नाहीत. सासरहून कुणी बघायला गेलेलं नाही. काट्यावर पुन्हा कधी बसणार नाही, एवढंच तिनं निरोपात कळवलं.

त्या संध्याकाळी गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात परत आले. रुद्रम्मा चुलीपुढं उभी होती. सहा वर्षांत तिनं भाकरी थापली नव्हती. पाहुणा आला म्हणून लवकर घरी आलेला माणिकप्पा अंघोळीला पाणी मागत होता. ती मला म्हणाली, बस की गं, तूच थाप. मी बसले नाही. जोंधळ्याचं पीठ मळलं की थांबत नाही, कडेनं फुटायला लागतं. तवा तापून धुरावला होता. काठवटीत आठ भाकरींचं पीठ तसंच होतं.