हातमोजे काढून दिलेली परीक्षा

गाव सोडलं त्या दिवशी आप्पा एसटी स्टँडवर पोचवायला आले खरे, पण तोंड फुगवूनच. "पत्राच ठोकायचा तर हितं ठोक की," एवढंच म्हणाले. आईनं दशम्या बांधून दिल्या. साताऱ्याकडच्या भावकीनं हे ऐकून ठेवावं, कारण तुम्हाला वाटतं मी मजेत निघून गेलो.

कल्याणला मामाचं गॅरेज होतं. तिथं मी डेंटर झालो, म्हणजे गाड्यांचे चेपलेले दरवाजे, बॉनेट सरळ करणारा. डोंबिवलीत भाड्याची खोली घेतली, लग्न झालं, भाषा बदलली. गावी आलो की 'मी गेलेलो, आलेलो' ऐकून तुम्ही अजून हसता. आप्पा मात्र कधी इकडे फिरकले नाहीत. तात्पुरतं बिऱ्हाड काय बघायचं, म्हणायचे.

मग गॅरेजच्या जागेवर टॉवर आला. माजिवड्याच्या एका मोठ्या वर्कशॉपला डेंटर हवा होता, पण सर्टिफिकेटवाला. माझ्याकडे कसलं सर्टिफिकेट? नाहीच जमलं तर गावी परतायचं, असं बायकोशी बोलणंही झालं. तेवढ्यात कळलं, जुन्या कामाचा अनुभव तपासून सर्टिफिकेट देणारी परीक्षा ठाण्यात होते.

समोर चेपलेला दरवाजा ठेवला आणि परीक्षकांनी हातमोजे घालायला लावले. आता डेंटर बघतो तो तळहातानं. हात फिरवला की उंचवटा कळतो.

"सर, मला काही दिसतच नाही," मी म्हणालो. सगळे हसले.

"ठोकताना घाला, चाचपताना काढा," परीक्षक म्हणाले.

मग घाल-काढ, घाल-काढ. घामानं मोजे निघेनात, तेव्हा परीक्षकांनीच ओढून काढले. पास झालो. एवढा आनंद मला लग्नातही झाला नव्हता, पण हे बायकोला कुणी सांगू नका.

वर्कशॉपनं घेतलं त्या दिवशी गेटबाहेरूनच आप्पांना फोन लावला. "नोकरी लागली. कायमची."

 आप्पा म्हणाले, "म्हंजी आता तू परत यायचा न्हाईस."

"नाही, आप्पा."

 वाटलं, आता फोन ठेवतात.

"बरं. मग दिवाळीला आम्हीच येतो. तुझं घर कुठं आलं, नीट सांग."

मी सांगायला लागलो आणि रोजच्या पायाखालचा रस्ता दोनदा चुकलो.