आबा ताटावर वाजवतात तेव्हा

"सून गुणाची हाय, पण घरात हाय का न्हाई, कळतच न्हाई बघ."

सासूबाई मागच्या दारी शेजारच्या काकूंना सांगत होत्या. मी पलीकडं न्हाणीत कपडे भिजवत होते. म्हणजे घरातच होते. ठरवलं, बोलून जमत नसेल तर कामातून दिसू. तिथूनच माझी जी फजिती सुरू झाली, ती ऐकाच. हसायचं मात्र शेवटी.

लग्नाला दोन महिने झालेले. नवरा शिक्रापूरच्या कंपनीत, खोली करून तिकडंच. दौंडला यायचा रविवारी, तोही झोप काढायला. घरात सासूबाई, त्यांच्या मालिका आणि आबा, म्हणजे माझे सासरे.

आबा साधं माणूस नव्हेत. चाळीस वर्षं रॉक बँडचे ड्रमर. इथल्या रेल्वे कॉलनीतल्या नाचगाण्यांत वाजवायला लागले, ते पार परदेशात वाजवून आले. अजून पन्नाशीतली टकलं पुण्याहून येतात, त्यांच्या पाया पडून सही मागतात. घरी मात्र आबांचा शब्द म्हणजे दुर्मीळ वस्तू.

पहिल्याच जेवणाला त्यांनी ताटाच्या कडेवर बोटं वाजवली. टकटक.

आता माझ्या माहेरी, इनामगावात, आप्पा अशीच टिचकी मारतात. म्हणजे भाकरी वाढ. कर्त्या माणसानं तोंडानं मागायचं नाही, आपण ओळखायचं. मी ओळखलं. वाढली.

आबांनी माझ्याकडं बघितलं, हसले, खाल्ली. पुन्हा टकटक. पुन्हा वाढली.

महिनाभरात दोनाच्या सहा झाल्या. सासूबाईंचं तोंड उतरलं. "माझ्या हातच्या दोन जड जायच्या. हिच्या हाताला काय लागलंय कुणास ठाऊक." मला काय वाटलं सांगू? सुख वाटलं. मी दोन्ही वेळा त्या टकटकीची वाट बघायला लागले.

मग पुण्याहून फोन आला. बँडचे जुने लोक एकदा शेवटचं एकत्र वाजवणार होते. रविवारी आबा मागच्या खोलीत ड्रमवर सरावाला बसले आणि पाच मिनिटांत धापा टाकत बाहेर आले. कार्यक्रमाचं जुनं जाकीट पोटावर बंद होईना.

"आबा, एवढं खाताय कशापायी?" नवरा म्हणाला. "असं कसं वाजवणार?"

"मी कुठं खातोय? सूनबाई वाढती. नव्या सुनंनं वाढलेलं परत लावायचं व्हय?"

सासूबाई माझ्याकडं वळल्या. "का गं, एवढं का वाढती त्यांना?"

"ते मागतात म्हणून."

"मी?" आबा म्हणाले. "कवा?"

मी टेबलावर वाजवून दाखवलं. अगदी त्यांच्याच लयीत.

आबांनी आपल्याच बोटांकडं बघितलं. "अगं, ती बोटांची खोड हाय. चाळीस वर्षं पब्लिकनं वन्स मोअर म्हटलं, पर भाकरी कुणी आणली न्हाई."

नवरा पोट धरून खाली बसला. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला, बऱ्याच वेळानं काढला. "येडे, सहा भाकरी वाढल्यास. एकदा इचारायचं तरी, हवी का म्हणून."

तिघंही माझ्याकडं बघत होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच, सगळे एकदम.

"विचारलं असतं," मी म्हणाले, "पण मला वाटलं, या घरात आबाच तेवढे माझ्याशी बोलतात."